झाडेभाऊ पक्के झाले

परवा इथे जबलपुरात, राइट टाउनमधल्या एका लग्नाला गेले होते. मंडळी ताटल्या हातात घेऊन उभी होती आणि सगळी चमच्यानं जेवत होती. वरणभात चमच्यानं, पुरणपोळी चमच्यानं, लोणचंसुद्धा चमच्यानं. मला आधी राग आला, कारण या वयात राग सगळ्यात आधी पोहोचतो. मग झाडेभाऊ आठवले आणि रागाचं पाणी झालं. आमच्या काळात जबलपूरच्या मराठी मंडळींत पंगतीला मांडी घालून चमच्यानं जेवणारा हा एकच माणूस होता, आणि आम्ही त्याची मनसोक्त थट्टा करत असू.

पुंडलिक झाडे त्यांचं नाव. रांझीकडच्या चाळीत आमची खोली आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून होती. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचे हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते, म्हणजे कोण कामावर आला, कोण उशिरा आला, कोण रजेवर गेला याची नोंद ठेवायची. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे तोफेचे गोळे तयार होत, एवढं पुरे. चाळीतल्या निम्म्या घरांची चूल त्या गोळ्यांवर पेटत होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

गणपतीच्या दिवसांत मंडळाचा महाप्रसाद असे. पानं वाढून झाली, श्लोक झाला, की झाडेभाऊ सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढत, तो पाण्यानं विसळत आणि भाताला सुरुवात करत. पोरं त्यांना 'चमचेसाहेब' म्हणत. मोठी माणसंही सोडत नसत. एकदा वाढणाऱ्यानं मुद्दाम विचारलं की साहेब, काटा-सुरी आणू का, तर हे शांतपणे म्हणाले, "हात सरकारी हाये रे बाबा. त्याले घरचं जेवायची परवानगी नाही."

सगळी पंगत हसली. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. झाडेभाऊंचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. बारूद भरायच्या विभागात, ज्याला लोक 'पिवळी लाइन' म्हणत, तिथे ते कामाला होते. ती पिवळी पूड कातडीत मुरून बसे. साबण, राख, चुना, लिंबाची साल, कशानं म्हणून जात नसे. नुसता रंग असता तर गोष्ट वेगळी होती, पण ती कडूही होती. त्या हातानं कालवलेला घास कडू लागे. म्हणून चमचा.

पण मी उलट्या बाजूनं सांगत सुटले. ते आले तेव्हा त्यांचे हात चारचौघांसारखे होते.

चीनची लढाई सुरू झाली त्या वर्षी कारखान्यात मोठी भरती निघाली आणि वर्धेकडून, नागपूरकडून माणसांचे लोंढे आले. झाडेभाऊ त्यातलेच. गावाकडे ते आणि त्यांचे वडील कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलत. हंगाम असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा लोकांच्या दारात. इथे त्यांना खोके बनवायच्या विभागात घेतलं. गोळे ठेवायचे लाकडी खोके. काम चांगलं होतं, पण नोकरी टेम्परवारी. 'टेम्परवारी' हा शब्द झाडेभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा जबलपुरात ऐकला, आणि मग तो त्यांच्या मानेवरच बसला.

ओळख झाली त्या दिवशी त्यांनी मला नमस्कार न करता आधी विचारलं, "बाई, शाळेत पक्क्या हाये का?" मी हो म्हटल्यावर दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला. माझं शिक्षण, माझं घराणं, माझी जात, कशाचंच त्यांना अप्रूप नव्हतं. मी पक्की होते हे पुरेसं होतं. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. पोस्टमनला, दूधवाल्याला, रेल्वेच्या गार्डाला. आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी विचारलं की तुमचं हे काम बारमाही चालते की फक्त सीझनचं. गुरुजी चिडले. झाडेभाऊंनी मनापासून विचारलं होतं.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला साखरेत घोळवायची आपल्याकडे सवय आहे, मला ती आवडत नाही. झाडेभाऊ हट्टी होते, संशयी होते. कुणी मदत करायला गेलं तर आधी त्यात आपलं काय जाईल ते बघत. एकदा तापानं चार दिवस अंथरुणावर पडले, त्यात त्यांचं नाव कामावरून कटलं होतं, आणि आमच्या ह्यांनी धावाधाव करून ते पुन्हा लावून घेतलं. त्याबद्दल आभार मानायचे तर राहिलेच, उलट ह्यांनाच म्हणाले की तुमच्याच कागदावरून कटलं होतं ना साहेब. मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की बांधली, की जो घरी बसला तो गेला. ती गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

पाकिस्तानच्या लढाईच्या वेळी आमच्याकडे रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांना चाळ आमच्या खोलीत गोळा होई. लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा कुणीतरी धावत जाऊन बत्तासे आणले. सगळ्यांनी खाल्ले. झाडेभाऊ बत्तासा तळहातावर घेऊन नुसते बसले होते. त्यांनी ह्यांना विचारलं की खरंच थांबली का. हे म्हणाले, हो. झाडेभाऊ म्हणाले, "चांगलं झालं. पोरं घरी येतीन." मग जरा वेळानं म्हणाले, "आमी बी घरीच येऊ मंग."

तसंच झालं. पुढच्या काही महिन्यांत टेम्परवारी लोकांची छटनी, म्हणजे कपात, सुरू झाली आणि पहिल्याच खेपेला झाडेभाऊंचं नाव निघालं. मला त्या काळातली त्यांची सगळ्यात मोठी पीडा दिसे ती उपासमारीची नव्हे. त्यांना लाज वाटे. आपल्या घरात अन्न शिजायला कुठेतरी लढाई व्हावी लागते, आणि आपण मनातल्या मनात तिची वाट बघतो, याची लाज. एकदा ते यमुनावहिनींना, म्हणजे बायकोला, सांगत होते आणि मला भिंतीतून ऐकू आलं, की मी देवापुढे बसतो पण काय मागू ते समजत नाही.

मग घरात पत्ता आला. पत्ता म्हणजे तेंदूची पानं. जबलपूरला गरिबाच्या घरी काम नसलं की बिडी येते. यमुनावहिनी सकाळी सट्टेदाराकडून, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडून, पानं आणि तंबाखू आणत, दिवसभर सूप मांडीवर घेऊन कात्रीनं पानं कापत, बिड्या वळत, आणि संध्याकाळी त्याच्याकडे पोहोचवत. सट्टेदार त्यातून मूठभर काढून 'छांट' म्हणून बाजूला टाके. त्या बिड्या खराब ठरत, त्यांचे पैसे मिळत नसत, आणि त्याच बिड्या तो विकेही. भांडायची सोय नव्हती, कारण भांडलं की दुसऱ्या दिवशी पानं बंद.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. शाळेत घालायच्या वयाची. बिडीचं तोंड मोडायला लहान नखं फार चांगली पडतात हे सट्टेदारानंच सांगितलं म्हणे. कुसुम आईशेजारी भिंतीला टेकून बसे, तिच्याही मांडीवर एक लहान सूप, आणि ती एकेका बिडीचं तोंड नखानं आत मोडत जाई. दिवसभर खोकत असे. शाळेतून येताना मी रोज तिला ओलांडून माझ्या दाराशी जाई. एकदा न राहवून बोलले की झाडेभाऊ, हिला माझ्याबरोबर पाठवा. ते उंबऱ्यावर बसले होते. मजुरांच्या चौकात सकाळी उभे राहून, कुणी न घेतल्यामुळे परत आले होते. म्हणाले, "पाठवतो ना बाई. आधी घरातून हा पत्ता काढू द्या. पत्ता हाये तोवर पोरगी हाये इथंच."

त्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय काय केलं! स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली केली. सिविल लाइंसमधल्या एका साहेबांच्या बंगल्यात बागेला पाणी घालायचं काम मिळालं, तेव्हा फार खूश होते. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी आपला माळी आणला. एवढं झालं. काम जाताना कुणी वाईट बोललं नाही, कुणी रागावलं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. नुसतं 'कल से मत आना' म्हणाले. झाडेभाऊ मला म्हणाले होते की रागावून काढलं असतं तर माझी काही चूक आहे असं तरी वाटलं असतं.

अशात आमचे हे एके दिवशी खबर घेऊन आले. पिवळ्या लाइनीत माणसं हवी होती. तिथे कुणी टिकत नसे, म्हणून टिकेल त्याला लवकर पक्कं करत. ह्यांनी खबर दिली आणि लगेच सांगितलंही की काम वाईट आहे, डोकं दुखतं, अन्न जात नाही, हात पिवळे होतात. झाडेभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पक्कं करते ना पण?" बाकी काही विचारलं नाही.

ते टिकले. वर्षभरानं एका दुपारी ते कारखान्यातून आले ते घरात न शिरता आमच्याच दारात उभे राहिले. ह्यांना म्हणाले, झालो. एवढंच. मग घरात गेले, तेंदूच्या पानांची टोपली उचलली, दोन्ही सुपं उचलली, आणि तडक सट्टेदाराच्या घरी जाऊन ठेवून आले. यमुनावहिनी मागून ओरडत होत्या की अहो, त्यातलं एक सूप आपलं आहे. ते परत काही आणलं नाही. दुसऱ्या दिवशी कुसुम माझं बोट धरून शाळेत आली. वर्गातल्या सगळ्यांहून मोठी होती. नखं आपल्या हातानं कापून घेऊन आली होती.

गरिबी जाते कशी हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, शेजारी बघितलेलं आहे. आधी माणसाचा आवाज बदलतो. किराणावाल्याशी झाडेभाऊ वाकून बोलत ते सरळ उभं राहून बोलू लागले. मग यमुनावहिनींनी सणाला चार बायका बोलावल्या. मग खिडकीला पडदा आला, त्या खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं तरी. झाडेभाऊ सदऱ्याला इस्त्री करून घेऊ लागले आणि बाह्यांची घडी मोडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून चालत. थोडे शेफारलेही. नव्यानं लागलेल्या टेम्परवारी पोरांना ते उपदेश करत, आणि पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत.

हात मात्र पिवळे झाले ते झालेच. मग उशीच्या खोळी, मग बनियन, मग केसांची टोकं. हातमोजे मिळत, पण ते घालून काम हळू होई, आणि हळू काम करणारा पुन्हा कच्चा होईल ही भीती पक्क्या माणसाच्या पोटात कायम. आमचे हे समजावून थकले की आता असं होत नसतं, पक्का म्हणजे पक्का. ते मान डोलवत आणि मोजे खिशात ठेवत.

पिवळ्या लाइनीतल्या लोकांना रोज पेलाभर दूध आणि गुळाचा खडा मिळे. बारूद बाधू नये म्हणून दूध प्यायचं, असा सगळ्यांचा समज होता. ते तिथेच प्यायचं असा नियम होता. झाडेभाऊ ते डब्याच्या खालच्या खणात ओतून घरी आणत. फाटकावरच्या शिपायांना माहीत होतं, त्यांनाही पोरंबाळं होती. संध्याकाळी कुसुम दारात वाट बघत असे. आधी विचारी, "बाबा, गुड लाये?" आणि गूळ हातात पडला की मग दूध पिई. वर्षा-दोन वर्षांत तिचा खोकला गेला आणि गाल भरले. ही गोष्ट आमच्या ह्यांच्या कानावर आली तेव्हा ते खरोखर संतापले. त्यांनी झाडेभाऊंना आमच्या खोलीत बोलावून दार लोटलं आणि म्हणाले की हे दूध तुमच्या जिवासाठी आहे, तुम्हाला कळतं का.

झाडेभाऊ खाली बघत म्हणाले, "माझ्या जिवालेच तर पाजून राहिलो साहेब."

ह्यांनी उठून दार उघडलं.

बांगलादेशची लढाई आली. कारखाना दिवसरात्र चालू लागला, शहरात दिवे झाकले गेले, माणसं दोन-दोन पाळ्या करू लागली. झाडेभाऊ घरी फक्त झोपायला येत. या वेळी लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा ते पेढे घेऊन आले. चाळीत घरोघर स्वतः फिरले. आमच्याकडे आल्यावर म्हणाले, "बाई, लढाई थांबली, आन माझं काही गेलं नाही." त्यांचा चेहरा मला आठवतो. दुसऱ्याच्या सुखात सुख मानायची मुभा त्यांना पहिल्यांदा मिळाली होती. नोकरी पक्की झाल्यानं काय होतं असं कुणी मला विचारलं, तर मी हेच सांगीन.

ओव्हरटाइमच्या कमाईतून कुसुमला कानातलं घ्यायचं ठरलं आणि मला पसंतीसाठी बरोबर नेलं. सराफ्यातल्या एका गल्लीत बसलो होतो. सोनारानं झाडेभाऊंच्या हातांकडे बघितलं आणि हसून विचारलं, "घर में शादी है क्या भैया? हल्दी लगी है." यमुनावहिनी ओशाळल्या. झाडेभाऊ मात्र रुबाबात म्हणाले, "हां जी. अपने यहां रोज रहती है." घरी येईपर्यंत ते स्वतःशीच हसत होते. तेव्हा आम्हीही हसलो. ते पिवळे आहेत हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं, की ते तसेच जन्मले असावेत असं वाटे.

घात त्या सवयीनं केला.

लढाईनंतरच्या उन्हाळ्यात त्यांचं जेवण तुटलं. वहिनी म्हणाल्या, उन्हाचं. मग उलट्या सुरू झाल्या. त्या पिवळ्या लाइनीत बहुतेकांना होत, त्यात नवल नव्हतं. त्यांची थोरली बहीण वर्धेहून आली होती, बऱ्याच वर्षांनी. म्हातारी दारात उभी राहिली, भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "अवं माय, पुंडलिकाले त कावीळ झाली." सगळे हसले. वहिनींनी तिला समजावलं की आत्या, ही कावीळ नाही, फॅक्टरीचा रंग आहे, इथे सगळे असेच असतात. झाडेभाऊंनी हात पुढे करून दाखवले. म्हातारी पिशवी घेऊन आत गेली. पण दोन दिवसांनी मला नळावर गाठून हळूच म्हणाली की बाई, हाताचा रंग फॅक्टरीचा असंल, डोयाच्या आत फॅक्टरी कशी जाईल.

मी ह्यांना सांगितलं. हे त्याच संध्याकाळी शेजारी गेले, झाडेभाऊंना दिव्याखाली आणून डोळे बघितले आणि म्हणाले की उद्या दवाखान्यात जायचं आणि रजा टाकायची. इथून त्यांची आणि झाडेभाऊंची जी झटापट सुरू झाली ती मी आजही विसरू शकत नाही. पक्क्या माणसाला आजारपणाची रजा असते, ती भरपगारी असते, तुमची सगळी शिल्लक पडली आहे, तुम्ही एकही दिवस घेतलेली नाही, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. झाडेभाऊंना ते कळत होतं. पटत नव्हतं. न जाता पगार मिळतो ही गोष्ट त्यांना थापच वाटे. जिनात, मालधक्क्यावर, बंगल्यावर, बिडीच्या सट्टेदाराकडे, कुठेही त्यांनी असं बघितलेलं नव्हतं. त्यांना वाटे हा पाय घसरवायचा डाव आहे. वहिनी रडल्या, बहीण रागावली. ते म्हणत, "साहेब, तुमी चांगले हाये. पण जो बसला तो गेला." आणि सकाळी डबा घेऊन निघत. भिंतीला हात लावत लावत चाळीच्या टोकापर्यंत जात.

हे आठवडा-दोन आठवडे चाललं असेल. मग एक दिवस कामावर उभ्याउभ्या त्यांचा तोल गेला आणि तिथल्या सुपरवायझरनंच त्यांना घरी पाठवलं. ह्यांनी रजेचा अर्ज स्वतः लिहून, त्यांची सही घेऊन, पुढे पाठवला. झाडेभाऊंच्या आयुष्यातली ती पहिली रजा. एक दिवस ते घरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध हरपली, दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आतून सगळं संपलं होतं.

यमुनावहिनींनी त्या डॉक्टरांचा हात धरून एकच विचारलं होतं की त्यांनी ते दूध स्वतः प्यायलं असतं तर. डॉक्टर म्हणाले, नाही बाई, दुधानं काही झालं नसतं, ही बारूद दुधाला जुमानत नाही. त्यांनी हे दोनदा सांगितलं, नीट, मायेनं सांगितलं. वहिनींचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या चहासुद्धा बिनदुधाचा घेत. मी कधी टोकलं तर म्हणत, "काहून नाही समजलं बाई मले? रोज उशीची खोळ मी धुवत होती."

नोकरीत असताना गेले म्हणून वहिनींना कारखान्यात घेतलं, खोक्यांच्या विभागात. तिथे पिवळं काही नव्हतं. त्या सकाळी डबा घेऊन निघत तेव्हा पदर खोचलेला असे आणि मान ताठ. कुसुम मॅट्रिक झाली, नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली. तिची मुलं आता मराठी समजतात पण हिंदीत बोलतात. त्यांना तेंदूचं पान दाखवलं तर ते कशाचं आहे ते सांगता यायचं नाही. झाडेभाऊंनी एका माणसाच्या ताकदीनं त्या घरातली गरिबी कायमची बाहेर काढली, हे अगदी खरं आहे. कुणी कधी त्या घराकडे बोट दाखवून कामानं गरिबी जाते असं म्हणालं, तर मी हो म्हणते. मग मी विषय बदलते. काम असं हवं होतं की जे माणसाला घरी परत पाठवतं. एवढी एकच अट होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

मला ते दिसतात ते मात्र त्या रजेच्या दिवशी.

शाळा सकाळची होती, मी दुपारी परतले. चाळीत सामसूम होती, ऊन पायऱ्यांपर्यंत आलेलं. झाडेभाऊ दाराबाहेर लाकडी स्टुलावर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, बाह्यांना बटणं, पायांत बूट, केस विंचरलेले. दोन्ही हात मांड्यांवर. पाठ ताठ, भिंतीला टेकलेली नाही. कपाळावर घाम होता आणि ओठ कोरडे पडले होते. आत वहिनींनी अंथरूण घालून ठेवलेलं दारातून दिसत होतं, त्यावर सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. वहिनींनी खुणेनं मला सांगितलं की सकाळपासून असेच बसले आहेत, ऐकत नाहीत.

मी म्हटलं, झाडेभाऊ, हे काय, आज रजा आहे ना तुमची. आत जाऊन पडा जरा.

त्यांनी मान वर केली. आवाज अगदी बारीक झाला होता. आधी विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या हाये. देतीन ना खरंच? आजचा?"

मी म्हटलं, देतील. पूर्ण देतील. तुमचा हक्क आहे तो.

त्यांनी ते ऐकून घेतलं. डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि घसरू लागलेली पाठ कष्टानं सरळ केली.

"मंग पडू कसा बाई?" ते म्हणाले. "पगार चालू हाये ना."